साखर पांढरी कशी होते

(धाराशिवमध्ये तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)

दोस्तांनो, आयाबहिणींनो, आणि जागा नाही म्हणून दारात उभ्या राहिलेल्या पोरांनो,

मला इथं कविता म्हणायला बोलावलंय. कविता म्हणेन, पण अगोदर साखरेवर बोलणार आहे. कुणी म्हणेल, हा गोदीतला हमाल, शिक्षण मॅट्रिक, ह्याला साखरेच्या इतिहासाचं काय पडलंय? पडलंय. कारण मी साखर उचलतो. न्हावाशेवा बंदराच्या बाजूला एका यार्डात मी ठेकेदाराकडं रोजावर आहे. सरकारनं निर्यात खुली केली की ट्रकांची रांग लागते, बंद केली की आम्ही बसून. गोणी ५० किलोची. कंटेनर २० फुटी. त्यात ५४० गोण्या बसतात. मानेवर घ्यायची, आत न्यायची, थप्पी लावायची. हूक मारायचा नाही, कारण गोणी फाटली तर माल सांडतो. हमालाची पाठ गेली तर काही सांडत नाही, म्हणून तिची कुणाला काळजी नाही.

त्या गोणीवर काय छापलेलं असतं? कारखान्याचं नाव, हंगाम, वजन, दाण्याचा नंबर, एस-३० नाहीतर एम-३०. निर्यातीच्या कागदावर आणखी एक आकडा असतो. त्याला इकुम्सा म्हणतात. साखर तपासायच्या पद्धती ठरवणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था १८९७ साली निघाली, तिच्या नावाची ही आद्याक्षरं. हा आकडा साखरेचा रंग सांगतो. आकडा जितका कमी तितकी साखर पांढरी. कच्ची, तांबूस साखर ६०० ते १२००. आपले कारखाने खायची साखर काढतात ती १००-१५०. आणि एकदम झकपक रिफाइंड, ती ४५.

म्हणजे बघा, साखरेचा रंग मोजायला जगात संस्था आहे, यंत्र आहे, आकडा आहे. माझा सवाल सरळ आहे. साखर पांढरी करताना तिच्यातून काय काय काढून टाकलं? मळी काढली, चिखल काढला, हे पुस्तकात असतं. माणसं काढून टाकली, हे पुस्तकात नसतं. त्या माणसांचा हिशेब आज आपण मांडू.

सुरुवात घरापासून. आपलं तेर. तेरणेच्या काठचं गाव, आज तिथं एसटीनं जायला खड्डे मोजत जावं लागतं. दोन हजार वर्षांमागं एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्राच्या व्यापाराची एक वही लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. त्या वहीत तगर आहे, तगर म्हणजेच तेर. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा असं तो लिहितो. त्याच वहीत, भडोच आणि ह्या बाजूच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडं जाणाऱ्या मालाची यादी आहे. गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड, आणि बोरूसारख्या दांड्यातला मध. त्या मधाला त्यानं नाव दिलंय ते आपल्या साखरेशीच जुळतं. साखर हा शब्दच इथला. शर्करा म्हणजे खडे, रेती. तोच फारसीत शकर झाला, अरबीत सुक्कर झाला, फ्रेंचांचा स्युक्र झाला. आपली खांड अरबांकडून फिरत फिरत इंग्रजांची कँडी झाली.

पांढरी करायची कलाही इथं होती. उत्तरेत खांडसरीवाले राब टोपल्यात भरायचे आणि वर पाण्यातलं शेवाळ पसरायचे. शेवाळाची ओल हळूहळू खाली झिरपायची, मळी धुऊन न्यायची, वरचा थर पांढरा व्हायचा. तो खरवडून काढायचा, पुन्हा शेवाळ. बंदर नको, जहाज नको, भांडवलदार नको.

मग साखरेच्या मागं एवढं रक्त कसं आलं? त्यासाठी लांब जावं लागतं. फ्रान्सच्या पश्चिमेला लुआर नावाची नदी आहे, तिच्यावर नांत नावाचं बंदर आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथं साखर शुद्ध करायचे कारखाने होते. नांतमध्ये एक कांडी ऊस पिकत नाही, थंडी मरणाची. ऊस पिकायचा सहा-सात हजार किलोमीटरवर, कॅरिबियन बेटांत. मग ज्या बेटात ऊस, तिथंच साखर पांढरी का केली नाही?

केली नाही, कारण करू दिली नाही. १६८४ साली फ्रान्सच्या राजानं हुकूम काढला की बेटांवर नवीन शुद्धीचे कारखाने काढायचे नाहीत. बेटांनी कच्चा माल द्यायचा, पांढरा करायचा हक्क मायदेशाच्या बंदरांचा. पांढऱ्याला भाव, तांबड्याला मजुरी. ह्या एका हुकमात अर्धा इतिहास आला. घाम एका ठिकाणी, भाव दुसऱ्या ठिकाणी, आणि मधे समुद्र, म्हणजे खाणाऱ्याला घामाचा वास येणार नाही.

नांतच्या कारखान्यात काय चालायचं ते नीट ऐका. बेटांवरून पिंपांत भरून तांबडी साखर यायची. ती तांब्याच्या मोठ्या कढईत चुन्याच्या पाण्यात विरघळवायची. त्यात बैलाचं रक्त ओतायचं. होय, रक्त. कसाईखान्यातून आणलेलं. तापलं की रक्त गोठतं आणि सगळी घाण पोटात घेऊन साय धरल्यासारखं वर येतं. ती साय झाऱ्यानं काढून फेकायची. खाली राहिलेला रस आटवायचा, मातीच्या निमुळत्या साच्यांत ओतायचा. साच्याच्या तोंडावर ओली चिकणमाती थापायची. तिचं पाणी झिरपत खाली जायचं, आपल्या शेवाळासारखंच, आणि टोकाच्या भोकातून मळी टपकत राहायची. मग भट्टीच्या उबेत वाळवायची. साच्यातून निघायचा शंकूसारखा पांढराशुभ्र साखरेचा गड्डा. तो निळ्या कागदात गुंडाळायचा, म्हणजे पांढरा आणखीनच पांढरा दिसतो.

आणि ही तांबडी साखर बेटांवर पिकवत कोण होतं? नांत हे फ्रान्समधलं गुलामांच्या व्यापाराचं पहिल्या नंबरचं बंदर. तिथून १८०० च्या आसपास गुलामी मोहिमा निघाल्या. जहाजं कापड, दारू, बंदुका भरून आफ्रिकेला जायची, तिथं माणसं भरायची, बेटांवर विकायची, आणि साखर भरून परत यायची. पाच लाखांच्या वर माणसं एकट्या नांतच्या जहाजांनी वाहिली. त्या कापडात आपल्याकडची रंगीत सुती कापडंही होती. म्हणजे इथल्या विणकराच्या कापडावर तिथला माणूस विकत घेतला जायचा.

सँ-दोमिंग नावाची फ्रेंचांची वसाहत होती, आज तिला हैती म्हणतात. १७८० च्या दशकाच्या शेवटी तिथं पाच लाखांच्या घरात गुलाम होते आणि युरोप खायचा त्यातली सुमारे ४० टक्के साखर तिथून यायची. ऑगस्ट १७९१ मध्ये तिथला गुलाम उठला. मालकाचा ऊस त्यानं पेटवला, चरक फोडले. बारा-तेरा वर्षं लढला. नेपोलियनची फौज आली, तिलाही त्यानं समुद्रात ढकललं. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. साखरेच्या इतिहासात ऊसतोड्यांनी स्वतःचं राज्य काढलं ते हे. ज्या पोराला शाळेत फ्रेंच राज्यक्रांती पाठ करायला लावली, त्याला ही दुसरी क्रांती कुणी सांगितली?

पण पुढं काय झालं ते ऐका, कारण ते आपल्याला फार ओळखीचं आहे. १८२५ साली फ्रान्सनं हैतीच्या किनाऱ्यावर लढाऊ जहाजं उभी केली आणि सांगितलं, तुम्हाला स्वतंत्र मानतो, पण मालकांचं नुकसान भरून द्या. १५ कोटी फ्रँक. पुढं १८३८ साली ते ९ कोटींवर आणले. म्हणजे गुलामानं स्वतःची किंमत मालकाला भरायची! तेवढा पैसा कुठला? त्यासाठी पुन्हा फ्रान्सच्याच बँकांचं कर्ज. त्या कर्जाचं शेपूट १९४७ साली तुटलं. ह्याला आमच्या कळंबच्या भाषेत एक शब्द आहे. उचल. माणूस बेडीतनं सुटला तर उचलीत अडकवा. बेडीला पहारेकरी लागतो, उचलीला लागत नाही.

ब्रिटिशांनी १८३४ पासून आपल्या वसाहतीतली गुलामी बंद करायला घेतली, फ्रेंचांनी १८४८ साली कायमची केली. मग ऊस कोण तोडणार? तेव्हा त्यांची नजर हिंदुस्थानाकडं वळली. १८३४ पासून मॉरिशसला करारावरचे मजूर जायला लागले, पुढच्या ७०-८० वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसं गेली. कलकत्त्याहून गेली, मद्रासेहून गेली, मुंबईहूनही गेली. मुंबईहून गेले त्यांत कोकणातले मराठी बोलणारे होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून राहतात. करार म्हणजे गिरमिट. पाच वर्षं, अंगठा, जहाज. आणि त्यांनी तोडलेल्या उसाची साखर त्याच मुंबई बंदरात परत उतरायची. आपल्या म्हाताऱ्या पांढऱ्या साखरेला मोरस म्हणायच्या. मोरस म्हणजे मॉरिशस. माणसं इथून गेली, साखर तिथून आली. साखरेला नाव मिळालं. गेलेल्या माणसांना काय नाव मिळालं? कुली.

आता हाडांचं सांगतो. इथं आपला थेट संबंध आहे.

१८१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बैलाच्या रक्तापेक्षा सोयीची युक्ती निघाली. गुरांची हाडं हवा न लागू देता भाजायची, त्यांचा कोळसा करायचा आणि त्यातून साखरेचा रस गाळायचा. काळा कोळसा रंग शोषून घेतो आणि रस काचेसारखा नितळ उतरतो. नांत असो, बोर्दो असो, लंडन असो, शंभर वर्षांहून जास्त काळ जगातली रिफाइंड साखर हाडांच्या कोळशातून गेली. काही देशांत आजही जाते. ह्याच काळात हिंदुस्थानातून हाडं परदेशी जायची, बंदरात ढीग लागायचे. गावोगाव ती हाडं गोळा होत होती. कुणाकडून? मेलेलं ढोर ओढायचं काम ज्यांच्या गळ्यात जातीनं बांधलं होतं, त्यांच्याकडून.

आणि गंमत बघा. १९०५ ची स्वदेशी चळवळ आली तेव्हा परदेशी साखरेविरुद्ध एक मोठा मुद्दा होता, ती हाडांनी बाटलेली आहे. सोवळ्यांनी शपथा घेतल्या, विलायती साखर शिवणार नाही. साखरेचा बाट त्यांना दिसला. हाड उचलणाऱ्या माणसाला आपण गावाबाहेर ठेवलाय, हा बाट दिसला नाही. साखर स्वदेशी झाली की शुद्ध होते, माणूस मात्र स्वदेशी असूनही अस्पृश्य!

ढोर ओढणं सोडा, हे १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं. आपल्या जिल्ह्यात ते २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळ्याला आले, महार-मांग वतनदार परिषदेला. वतन म्हणजे काय? गावानं टाकलेल्या तुकड्याच्या बदल्यात पिढ्यानपिढ्याची राबणूक. ह्या बेडीचं वजन दाखवायला ते इथवर आले. तडवळ्याहून ढोकी किती लांब? हाकेच्या अंतरावर. आणि ढोकीला पुढं काय उभं राहिलं? तेरणा साखर कारखाना. म्हणून मी म्हणतो, साखरेचा इतिहास आपल्या बांधावर येऊन थांबलेला आहे.

इकडं साखर कशी आली ते पटकन सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई-कलकत्त्याच्या बंदरात जावाची साखर धो धो उतरायची. १९२९-३० साली दहा लाख टनांच्या आसपास आली. १९३२ साली सरकारनं साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा केला. परदेशी साखरेवर भारी जकात बसली. १९३१-३२ साली देशात ३२ कारखाने होते, पाच वर्षांत ते १३० च्या वर गेले. आपल्याकडं हरेगाव अगोदरच होतं, मग माळीनगर, वालचंदनगर, रावळगाव. सगळे खासगी, जमीन त्यांची नाहीतर खंडाची. १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांच्या खटपटीतून प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला.

इथं मी न्यायानं बोलणार. सहकारी कारखान्यानं एक मोठं काम केलं. नांतच्या राजाचा १६८४ चा हुकूम त्यानं उलटा केला. ज्या गावात ऊस, त्याच गावात साखर पांढरी. भाव बंदरातल्या शेठकडं न जाता शेतकऱ्याकडं यायला लागला. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, रस्ते झाले. हे खोटं म्हणणारा खोटा. पण सभासद कोण होणार? ज्याच्याकडं ऊस तो. ऊस कुणाकडं? ज्याच्याकडं जमीन आणि पाणी तो. म्हणजे सहकाराची हद्द बांधापर्यंत. बांधाच्या आत शेअर, बांधाच्या बाहेर कोयता. तेरणा कारखाना कर्जात बुडाला, बरीच वर्षं चिमणी थंड राहिली, मग भाड्यानं दुसऱ्याकडं गेला. सभासदांची बिलं थकली, कायम कामगारांचे पगार थकले, त्यावर मोर्चे निघाले, पेपरात आलं. बरोबरच होतं ते. पण कारखाना बंद पडल्यावर त्याचा ऊस तोडणाऱ्या टोळीचं काय झालं, ह्यावर एक ओळ कुणी छापली? टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. टोळीला पत्ता नसतो.

आपल्या कारखान्यात हाडं लागत नाहीत, हेही सांगून टाकतो. आपल्याकडं रसात चुना घालतात आणि गंधक जाळून त्याचा धूर सोडतात. गाळ खाली बसतो, रंग उडतो. पॅनमध्ये रस शिजवून दाणा पाडतात, मग गरगर फिरणाऱ्या जाळीच्या डब्यात मळी बाहेर फेकली जाते, दाणा आत राहतो. नांतला मळी टपकायला आठवडे लागायचे, इथं मिनिटं पुरतात. यंत्र बदललं. फडात काय बदललं? फडात कोयता आहे तोच.

तर आता हिशेब. शाळेतलं गणित आहे, मॅट्रिकवाल्याला पुरतं.

एक टन उसापासून साधारण १०० किलो साखर निघते. उतारा कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी. म्हणजे टनाला ५० किलोच्या २ गोण्या. माझ्या कंटेनरात ५४० गोण्या, म्हणजे २७० टन ऊस. एक कोयता दिवसाला २ टनांच्या आसपास तोडतो. कोयता म्हणजे हत्यार नाही बरं का, शहरातल्या दोस्तांनो. कोयता म्हणजे नवरा-बायको. दोन जिवांचा मिळून एक कोयता. एकटी बाई असली तर अर्धा कोयता. २७० टनाला २ टनानं भागा. १३५ दिवस. दिवाळीनंतर फडात उतरायचं आणि मार्च-एप्रिलला परत यायचं, तो सगळा हंगामच मुळी एवढा. म्हणजे आम्ही आठ-दहा जण एका पाळीत जो कंटेनर भरून सील मारतो, त्याच्या आत एका जोडप्याचा अख्खा हंगाम असतो. कापणं, सोलणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर फळीवरून ट्रकात चढवणं, रात्री दोनला गाडी आली तर रात्री दोनला उठणं, कोपीत चूल, पाचटात लेकरू. सगळं त्या लोखंडी पेटीत बंद. पेटीवर नंबर असतो, चार अक्षरं आणि सात आकडे. सीलला नंबर असतो. जोडप्याला नसतो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. संप केल्याशिवाय तेवढाही मिळत नाही. २७० टनाचे किती? ९९ हजारांच्या आत. आणि कोयत्याला उचल किती देतात? लाखाच्या आसपास, कधी वरच. म्हणजे हंगामभर तोडून माणूस उचल फेडतो, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधला जातो. दोस्तांनो, हैतीचं कर्ज १९४७ साली फिटलं. वाशी-भूम-परांड्याचं कधी फिटणार?

आता विचारा, ह्या मजुराचा मालक कोण? शेतकऱ्याला विचारा, तो म्हणतो, तोडणी-वाहतूक माझ्या बिलातनं कापतात, मजूर मी आणले नाहीत. कारखान्याला विचारा, तो म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी. मुकादमाला विचारा, तो म्हणतो, मी उचल दिली, मी काय मालक हाय? पैसा सगळ्यांच्या हातून जातो, मालक कुणीच नाही. रसातून जसा एकेक करून रंग काढतात, तशी इथं एकेकाची जबाबदारी काढून टाकलेली आहे. शेवटाला जे उरतं ते पांढरंशुभ्र.

माझी माय अठरा हंगाम गेली. कळंब तालुक्यातनं, वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या फडात. कोणत्या कारखान्याला, ते नाव मी घेत नाही, सगळीकडं सारखंच होतं. एका हंगामात ती तापानं तीन दिवस पडली. मुकादमानं तीन दिवसांचा खाडा लावला. म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. तिनं वहीत बघायला मागितलं. तिला अक्षर येत नाही. मुकादम हसला, म्हणाला, बघ. ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, पर माझं नाव कुठं लिवलंय तेवढं बोट ठिवून दाव." तिचं नाव नव्हतंच. माझ्या बापाच्या नावापुढं एक कोयता एवढंच होतं. अठरा हंगाम ती बाई कुठल्याच कागदावर नाही.

हे एकट्या माझ्या मायचं नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली आरोग्य खात्याची पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ बायांची गर्भाशयं काढलेली निघाली. सहातली एक. पाळी आली की खाडा, दुखलं की खाडा, खाडा परवडत नाही, मग पिशवीच काढून टाका. नांतच्या कढईत रक्त ओतायचे ते बैलाचं होतं. मी पुढचं वाक्य बोलत नाही. तुम्ही बोला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बरं मग करायचं काय? मी गोदीतला आहे म्हणून गोदीतलंच सांगतो. मुंबईच्या गोदीतही एके काळी टोळ्या होत्या आणि टोळीवाला होता. हुबेहूब मुकादम. काम तो देणार, पैसा तो वाटणार, रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि तो बोट दाखवेल त्यानं आत जायचं. गोदी कामगार लढले. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला, पुढं बोर्ड आलं, हजेरी आली, नाव नोंदलं गेलं. काम नसलं तरी हजेरीचे काही पैसे मिळायला लागले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. गोणी उचलणारा हमाल बोर्डात नोंदला गेला. व्यापारी पैसे बोर्डाकडं भरणार, बोर्ड हमालाला देणार. मालक पळाला तरी बोर्ड आहे. आज कंटेनरच्या धंद्यात ठेकेदारानं टोळीवाल्याची जागा पुन्हा घेतली, ते आमचं भांडण वेगळं चालू आहे. पण रस्ता सापडलेला आहे. ज्या माणसाचा एक ठराविक मालक नाही त्यालाही कायदा धरून ठेवू शकतो, हे ह्याच राज्यानं १९६९ साली मान्य केलंय.

मग एकाच साखरेची गोणी उचलणारा माथाडी, आणि त्याच साखरेचा ऊस उचलणारी बाई कुणीच नाही, असं का? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावानं महामंडळ काढलं, कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे ठरलं. ठीक आहे. पण कल्याण म्हणजे हक्क नव्हे. कल्याण वरून खाली पडतं, हक्क खालून वर मागावा लागतो. आपली मागणी तीन ओळींची आहे. बोर्डात नोंद करा, मुकादमाच्या वहीत नको. बाईचं नाव वेगळं लिहा, अर्धा कोयता नको, मजुरी तिच्या हातात. आणि उचलीचा हिशेब बोर्डापुढं व्हावा, फडात नको.

शेवटचं. नांत शहरानं २०१२ साली नदीच्या धक्क्यावर गुलामीच्या निर्मूलनाचं स्मारक उघडलं. धक्क्यावर जमिनीत काचेच्या दोन हजारांच्या आसपास पट्ट्या बसवल्यात. बहुतेक पट्ट्यांवर मोहिमेवर निघालेल्या जहाजांची नावं आणि वर्षं आहेत. चांगलं केलं त्यांनी. दोनशे वर्षांनी का होईना, शहरानं कबूल केलं की आमची श्रीमंती कुठून आली. पण बघा, नावं जहाजांची आहेत. कारण वह्या जहाजवाल्यांच्या होत्या. जहाजाच्या पोटात होता त्याचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं, मग काचेवर कुठून येणार? तिकडं साखर शुद्ध करणाऱ्यांत लुई से नावाचा एक मालक होऊन गेला, नांतला त्याचा कारखाना होता. त्याचं आडनाव आजही फ्रान्समध्ये साखरेच्या पुड्यावर वाचायला मिळतं. वही ज्याची, नाव त्याचं.

म्हणून शहरात राहणाऱ्या, लिहिता येणाऱ्या माझ्या दोस्तांनो, तुम्हाला काम देऊन जातो. मोर्चा काढायला वेळ लागेल, वही घ्यायला लागत नाही. येत्या हंगामाच्या तोंडावर कळंब, वाशी, भूम, परांडा, ह्या चार तालुक्यांत दसऱ्यापासनं ट्रॅक्टर भरतात. स्टँडवर जा, तांड्यावर जा, वस्तीत जा. एकेका ट्रॅक्टरमागं एक वही. नाव लिहा, बाईचं आधी. वय, गाव, मुकादम कोण, कारखाना कोणता, उचल किती, दर किती सांगितला, बरोबर लेकरं किती, शाळा कोणाची सुटली. अंगठा नका घेऊ, फुकट सल्ला नका देऊ, भाषण तर अजिबात नको. नुसतं लिहा आणि तिला वाचून दाखवा. एप्रिलला ट्रॅक्टर परत येतील तेव्हा तीच वही घेऊन पुन्हा उभे राहा. किती टन तोडला, किती हातात आले, खाडे किती, कोण आजारी पडलं, कोण परत आलं नाही.

चार तालुक्यांच्या अशा वह्या एका टेबलावर आल्या, की मग कलेक्टर असो, साखर आयुक्त असो, त्यांच्यापुढं ठेवायला आपल्याकडं आकडा असेल. त्यांच्याकडं साखरेच्या रंगाचा आकडा आहे, आपल्याकडं माणसांचा. वह्या मी आणल्यात. बाहेर टेबलावर पन्नास ठेवल्यात. कविता ऐकायला थांबायचं असेल त्यानं थांबा, पण अगोदर वही उचला.

जय भीम.